अफरीनचे दीड सेकंद

मी मैदानावर पोचलो आणि अफरीन आधीच आलेली नाही, असं कधी झालंच नाही. मालेगावची पोर. वडील इसाकभाई यंत्रमागावर कामाला, म्हणून हिचा मुक्काम नाशकात शहनाज मावशीकडे. वय एकोणीस, अंगावर मांस नाही, आणि एका जागी उभं राहणं तिला कुणी शिकवलेलंच नव्हतं. चहाच्या टपरीवरही ग्लास हातात धरून ही टाचा वर-खाली करत राहणार. 'बैस की गं बाई' म्हणून म्हणून मी थकलो.

ती आठशे मीटर पळते, म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्या. मी पुंजाराम सर, निवृत्त पीटी मास्तर. तिच्या सरावाला घड्याळ धरणं माझ्याकडे. जानेवारीत एका खाजगी कंपनीनं तिला वर्षाच्या करारावर घेतलं. बूट, खुराक, प्रवास आणि वर पगार. पोरगी पळून पोट भरणार म्हणून इसाकभाईंनी अख्ख्या कारखान्यात जिलेबी वाटली. अट एकच होती. मेअखेर एखाद्या अधिकृत शर्यतीत दोन मिनिटं सहा सेकंदांच्या आत यायचं, नाहीतर करार संपला. मला त्यात काही अवघड वाटलं नाही. माझ्या घड्याळात ती दोन-सहाला दोनदा आली होती.

मार्चमध्ये पहिल्याच शर्यतीत ती शेवटची आली. पहिली फेरी साठ सेकंदांत मारली आणि दुसऱ्या फेरीत पाय उचलेनात. दोन-अकरा. पुढच्या शर्यतीत दोन-दहा. कंपनीच्या कोचनं लिहून पाठवलं, की मुलगी सरावात चांगली पळते पण शर्यतीत मनानं खचते. त्यानंतर अफरीन सकाळचं पळून झाल्यावर भर दुपारीही पळायला लागली, मावशीशी भांडायला लागली. माझंही कशात लक्ष लागेना. जेवताजेवता उठायचो, अंगणात चार चकरा मारायचो, परत येऊन बसायचो. बायकोनं ताट वाढून वाट बघणं सोडून दिलं.

मग ओमनं तो व्हिडिओ काढला. ओम आमच्याच मैदानावर पंधराशे मीटर पळतो, मोबाईलचा भारी शौक. त्यानं अफरीनची दौड सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिपली आणि मला सहज म्हणाला, की सर, तुम्ही सांगितलेल्या वेळेपेक्षा यात दीड सेकंद जास्त भरतात. मी त्याला चांगलाच झापला. घरी येऊन मात्र तो व्हिडिओ दहा वेळा बघितला. त्यात मी रेषेजवळ उभा आहे. अफरीन येते, तोंड वेडंवाकडं, मान मागे पडलेली, आणि ती चांगली नऊ-दहा मीटर लांब असतानाच माझा अंगठा घड्याळावर दाबला जातो. रोज तसाच दाबला जात असणार. मला तिचं ते तोंड बघवत नव्हतं. आमच्याकडे सगळेच मास्तर पोरांना असं थोडं झुकतं माप देतात, टपरीवर त्यावरून एकमेकांची चेष्टाही करतात. पण ही पोर माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून पहिली फेरी पळत होती, आणि दुसऱ्या फेरीत त्याची किंमत मोजत होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. लाज वाटत होती, तरी सांगितलं. पहिल्यांदाच ती जागची हलली नाही.

"मालेगावात कापडाचा तागा कमी भरला की व्यापारी परत करतो," ती म्हणाली. "मोजणाऱ्यानं चुकीचं सांगितलं असलं, तरी शिव्या अब्बांनाच. दीड महिना मी स्वतःला शिव्या देतेय, सर."

चार दिवस ती आली नाही. शहनाज फोनवर सांगायची, घरात येरझाऱ्या घालतेय. मी तरी इकडे काय करत होतो. पाचव्या दिवशी ती आली, माझ्या हातातलं घड्याळ घेतलं आणि ओमला दिलं. मला नुसतं वळणावर उभं केलं. फार लागलं मला ते. ओमच्या घड्याळात आधी दोन-आठ आले. महिन्याभरानं दोन-सात.

मेच्या शेवटच्या आठवड्यात शर्यत बेंगळुरूला होती. मी घरी मोबाईलवर बघत होतो, घरी पडलेलं माझं जुनं घड्याळ हातात. पहिली फेरी तिनं बासष्टमध्ये काढली, पुढच्या पोरींच्या नादी लागली नाही. शेवटच्या वळणावर तेच तोंड. माझा अंगठा शिवशिवला. दात आवळून मी तिची छाती रेषेपार जाईपर्यंत थांबलो आणि मग दाबलं. बोर्डावर वेळ यायच्या आत मोबाईलवरचं चित्र अडकलं.

वीस मिनिटांनी तिचा फोन आला. अजून धाप लागलेली.

"सर, घड्याळ लावलं होतं?"

लावलं होतं, म्हटलं.

"किती?"

जिभेवर दोन-पाच आले होते. इतकी माया मला माझ्या लेकीचीही कधी आली नसेल.

"दोन मिनिटं, सहा पॉइंट चार," मी म्हणालो.

इतकं जलद ती खरोखर कधीच पळाली नव्हती, आणि करार गेला होता. तिला रडू आवरत नव्हतं, मलाही.

"बोर्डावरही तेच आलंय," ती म्हणाली. "सोमवारी सहाला मैदानावर येते. घड्याळ तुम्ही धरा, सर."