चहाच्या रंगाचं तेल

दुपारच्या जेवणानंतर प्रतापराव इंगवले ‘जरा पाठ टेकतो’ म्हणून आडवे होतात, ती खरं तर तोंड लपवायची सोय असते. सकाळीच शबाना येऊन गेली आहे. बाबालाल मिस्त्रींची ही मुलगी वडलांमागे गॅरेज चालवते आणि गॅरेजकडे गिऱ्हाईक फिरकत नाही.

“काका, जीपवाल्यांच्या ग्रुपवर एवढंच लिहा, अब्बांचं काम चोख होतं. तुमचं ऐकतात सगळे.”

ऐकतात, हीच तर पंचाईत. मिस्त्रींच्या कामात आता राम उरला नाही, हेही सगळ्यांनी प्रतापरावांकडूनच ऐकलं होतं. “लिहितो,” असं म्हणून ते जेवायला बसले होते.

पंखा फिरतो. डोळा लागतो न लागतो तोच पाठीखाली गादीऐवजी गोणपाट टोचतं आणि वर छताऐवजी जीपचं पोट दिसतं. त्यांची वीस वर्षांची फोर-व्हील जीप जेवणघरात उभी आहे. शेजारी बाबालाल मिस्त्री उताणे पडलेत, कानावर अर्धी बिडी. जाऊन आठ महिने झालेला माणूस.

“लई नटवलीसा की हो हिला,” मिस्त्री म्हणतात. “मोठी चाकं, टपावर दिवं...”

“तीन लाख किलोमीटर झाले, मिस्त्री. म्हटलं, जरा रूप द्यावं.”

“आन् त्याल? वढ्यात घातलीसा तवा दुसऱ्या दिशी आणा म्हटलं हुतं.”

प्रतापराव ते विसरलेच कुठे होते? मागची चाकं फिरवणाऱ्या डिफरन्शियलमध्ये पाणी शिरलं की तेल चहासारखं होतं आणि गिअरचे दात खातं, हे मिस्त्रींनी दहादा बजावलं होतं. पण तो दुसरा दिवस, रविवार, प्रतापरावांनी टपावर दिवे बसवण्यात घालवला.

“बदललं की,” ते ठोकून देतात. मेलेल्या माणसाशीही खोटं!

मिस्त्री खालचा नट फिरवतात. दुधाळ, तपकिरी धार कपात पडते. एक कप भरतो, मग दुसरा, मग तिसरा. आता जेवणघराला भिंत नाही. गाडीच्या गिअरचे दात तुटले ते घाटातलं वळण आहे आणि ग्रुपची माणसं कठड्याला टेकून पंगतीला बसलीत. मिस्त्री ट्रे घेऊन एकेकाला अदबीनं कप देतात.

“घ्या, माझ्या हातचं हाय. इंगवले साहेबांनी तसंच सांगितलंय न्हवं?”

प्रतापरावांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. याच वळणावर सगळ्यांदेखत ते म्हणाले होते, “म्हाताऱ्यानं गाडीची वाट लावली.” आणि दुरुस्तीला बोलावलेल्या मिस्त्रींनी मान खाली घालून नुसते तुटलेले दात गोळा केले होते.

“देऊ नका त्यांना! मिस्त्री, हात जोडतो.”

“मग काय सांगू?”

“खरं सांगा.”

“म्या का सांगू? गाडी तुमची हाय.”

जीपची पुढची काच धुळीनं भरलीय. प्रतापराव तिच्यावर बोटानं लिहायला लागतात. ओढ्याचं पाणी गुडघ्यापर्यंत चढतं, तरी ते लिहीत राहतात. मान वर करतात तर ट्रे कठड्यावर आहे आणि मिस्त्री नाहीत.

जाग येते तेव्हा चार वाजलेत. मुठीत फोन आहे. ग्रुपवर त्यांच्या नावानं मजकूर गेलाय, अक्षरं चुकलेली, झोपेतल्या बोटांची: ‘गाडी मी बिगडवली. तेल बदलल नाही. मिस्त्रींचा दोश नव्हता. मी खोट बोललो.’

त्रेचाळीस जणांनी तो वाचलाय. पुसून टाकायची सोय अजून आहे आणि लाज अशी की अंगठा तिकडं वळतोही. तेवढ्यात शबानाचा निरोप येतो.

‘काका, एकांनी मला तुमचं लिहिलेलं दाखवलं. तुमच्या गाडीतलं ते तेल अब्बांनी बाटलीत भरून कपाटात ठेवलंय. मी म्हणायची, नेऊन दाखवू सगळ्यांना. तर म्हणायचे, ऱ्हाऊ दे, साहेब आपणहून बोलतील.’

प्रतापराव अंगठा मागं घेतात आणि उशीत तोंड खुपसून रडतात.