मायनं न धरलेला नाकतोडा

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींची मला चीड आहे. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातून देव, अंगारे, गंडेदोरे सगळं बाहेर गेलं. पुढं मी झूऑलॉजी शिकलो आणि जन्मभर तेच शिकवलं. पोरांनी भुताखेताचा विषय काढला की त्यांची अशी हजेरी घ्यायचो, की विचारू नका. तरी आज हे लिहायला बसलोय... पोटात ठेवून कंटाळलो म्हणा.

गोष्ट ऐंशी सालानंतरची. गाव कमठाणा, बीदरजवळ. मी गुलबर्ग्याला एका कॉलेजच्या लॅबमध्ये पीएच.डी. करत होतो. विषय — पिकावर फवारायच्या औषधानं नाकतोड्याच्या पेशींतली गुणसूत्रं तुटतात का. आमच्या वस्तीतला मी पहिलाच एवढा शिकलेला, आणि फेलोशिप संपायला चार महिने उरलेले.

नाकतोडे माय आणायची. ती दोन रानांत खुरपायला जायची. वरल्या रानात तुरीवर फवारणी व्हायची, खालच्या रानात नाही. दोन्हीकडचे तीस-तीस नर तिनं हातानं धरले आणि भोकं पाडलेल्या दोन डब्यांत घालून बसनं आणून दिले. नर-मादी ओळखायला मी तिला एकदाच शिकवलं होतं.

एका नाकतोड्याची एक स्लाइड. कच्च्या स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघून त्यांतल्या आठांची चित्रं मी नंबरासकट वहीत काढली. मग सगळ्या पक्क्या करायला घेतल्या — म्हणजे अल्कोहोल आणि झायलीनमधून काढल्या. आता माझा गाढवपणा ऐका. काचेवर नंबर डायमंड पेन्सिलीनं कोरायचा असतो. लॅबमध्ये ती एकच, माझ्या गाइड सरांच्या कुलूपबंद ड्रॉवरमध्ये. सर काही वाईट नव्हते, पण त्यांना किल्ली मागायची म्हटलं की माझी जीभच रेटायची नाही. मी नंबर टाकले मेणाच्या पेन्सिलीनं. झायलीनमध्ये सगळे पुसले गेले.

समोर बिननंबरी साठ काचा. चित्रांशी ताडून आठ ओळखता आल्या असत्या, पण आठांवर पीएच.डी. होत नाही. आणि तुटलेली गुणसूत्रं बघून ढीग लावायचे तर ते संशोधन कसलं? नाकतोड्यांचा हंगामही संपलेला. मी रडलो, खरंच रडलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी माय भाकरी घेऊन लॅबवर आली. कामून तोंड पाडून बसलास म्हणाली. मी सगळं सांगितलं. ती हात पुसून स्टुलावर बसली, एक स्लाइड उचलून बोटांत धरली आणि डावीकडं ठेवली.

"ह्यो वरल्या रानातला."

मला हसू आलं. सगळ्या काचा सारख्याच, मधे नखाएवढा लालसर डाग. पण ती एकेक उचलत गेली. डावीकडं, उजवीकडं. मधे थांबली नाही की घाई केली नाही. शेवटी एक काच तिनं दोनतीनदा उलटीपालटी केली आणि टेबलाच्या पार कडेला सरकवली.

"ह्यो मी धरलेला न्हाई."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण खालच्या रानाच्या डब्यातला एक नाकतोडा वाटेतच मरून वाळला होता. तीसचा आकडा भरावा म्हणून मी कॉलेजमागच्या गवतातला एक धरून घातला होता. हे सरांना माहीत नव्हतं. वहीतही नव्हतं. मी कुणालाच बोललो नव्हतो.

"तूच आणलास की माय," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. "बरं," म्हणाली आणि भाकरीचं फडकं सोडायला लागली.

ती गेल्यावर मी वही काढून त्या आठ स्लाइड ताडून बघितल्या. आठच्या आठ बरोबर. डावीकडं तीस, उजवीकडं एकोणतीस, कडेला एक.

प्रबंधात मी तीस-तीस लिहिलं. स्लाइड नंबरांवरून वेगळ्या केल्या, असंही लिहिलं. दुसरं काय लिहिणार होतो? आभारात सर, लायब्ररियन, टायपिस्ट सगळे आले. माय आली ती 'आईच्या आशीर्वादाने' एवढ्यापुरती. डॉक्टर झालो, वस्तीत हार-तुरे झाले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

योगायोग म्हणून बघितलं, डागाचा रंग म्हणून बघितलं, काहीच बसत नाही. बऱ्याच वर्षांनी मायलाच विचारलं. धरताना जीव हातात धडधडतो, त्यो इसरत न्हाई, एवढंच म्हणाली. पण काचेवर कसला जीव? चिरडून, रंग देऊन चिकटवलेल्या पेशी त्या. माय जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ती कडेची स्लाइड अजून माझ्या कपाटात आहे. मला उलगडा झालेला नाही आणि आता होईल असं वाटतही नाही.

मात्र त्या दुपारचं एक राहिलंच. तिला बसला बसवायला मी स्टँडवर गेलो होतो. बस सुटता सुटता तिनं खिडकीतून माझा हात धरला.

"पुढल्या टायमाला एखादा कमी पडला तर मला सांग," ती म्हणाली. "मी आणून देते."