खंडेनवमीला फोन फिरले नाहीत

कुणी फोनवर शांतपणे "बोला, कुठली तारीख हवी?" असं विचारलं की मी अजूनही खुर्चीत सरळ होऊन बसतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पंचनामे करून हात दुखले. पण निवृत्तीनंतर कुणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हटलं की तोंडी येते ती एका मंगल कार्यालयाच्या टेलिफोनची केस.

मी मूळचा किनवटकडचा. आठवीत शाळा सुटली. पुढे बाहेरून दहावी दिली आणि पोलिसात भरती झालो. बदल्या होत होत वसई-विरारला आलो आणि मनवेलपाड्यात भाड्याची खोली घेतली. गाव एवढं लांब, की सणाला जाऊन यायचं म्हटलं तर निम्मी रजा रस्त्यातच संपायची. या भागाने मला सांभाळून घेतलं, याची जाणीव आहे. मनात धाकधूक मात्र कायम असायची. कुणी कॉम्प्युटरचा विषय काढला की मी मागे सरकायचो. आता आपलं शिक्षण उघडं पडणार, असं वाटायचं.

त्या वर्षी आमचे मोठे साहेब निवृत्त होणार होते. निरोप समारंभासाठी हॉल बघायचं काम ठाणे अंमलदारांनी माझ्या गळ्यात घातलं. तेव्हा मी सहायक उपनिरीक्षक होतो. वसई पूर्वेला एक जुनं, नावाजलेलं मंगल कार्यालय आहे. दुपारी डबा खाता खाता मी तिथे फोन लावला. एका पुरुषाने उचलला.

"त्या दिवशी आपला हॉल फुल आहे, साहेब. पण कळंबच्या बाजूला आपलाच दुसरा हॉल आहे. समुद्राची हवा, स्वस्तात करून देतो."

संध्याकाळी मी त्याच रस्त्याने परतत होतो. म्हटलं, समोर जाऊन विचारावं, पोलीस खातं म्हटल्यावर काही सोय होते का. आत गेलो तर शेठ स्वतः बसलेले. त्यांनी तारीख पाहिली आणि म्हणाले, "मोकळी आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत मोकळी."

"मग दुपारी फोनवर फुल कसं सांगितलं? तुमच्या कळंबच्या हॉलचं नाव काढलं."

शेठचा चेहरा उतरला. "कळंबला माझा हॉल नाही, साहेब." मग त्यांनी काचेच्या केबिनकडे मान वळवली. तिथे टेलिफोनच्या बोर्डावर एक बाई बसल्या होत्या. कार्यालयातल्या सगळ्या खोल्यांचे, स्वयंपाकघराचे, मांडववाल्यांचे फोन त्या बोर्डावरून जायचे. सगळे त्यांना ताई म्हणत. शेठच्या वडिलांच्या काळापासून ती खुर्ची त्यांची होती.

"ताई, दुपारी साहेबांचा फोन घेतलात?"

"दुपारी कोनाचाच फोन नाय आला, शेठ."

"हे असंच चाललंय," शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले. "तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त आत्ताच बुक होतात आणि माझी गिऱ्हाईकं कळंबला जातायत. ताईंचं माहेर त्याच बाजूचं. भाचे आहेत, पुतणे आहेत. आता तुम्हीच काय ते समजा."

मी समजलो. पण पटलं नाही. माझ्या फोनवर नंबर याच कार्यालयाचा होता, आणि उचलणारा पुरुष होता.

शेठनी रीतसर तक्रार दिली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातला तपास निरीक्षकानेच करायचा असतो. त्यामुळे तपास मोठ्या साहेबांच्या नावावर आणि पळापळ माझी. शेठनी जबाबात ताईंवर संशय आहे असं लिहून दिलं. वर मला बजावलं, "दिवाळीपर्यंत वाट बघतो. नाहीतर नवीन माणूस बसवतो."

कळंबच्या हॉलवर गेलो. तिथल्या मॅनेजरने हात झटकले. कुणी एजंट फोनवरून गिऱ्हाईक पाठवतो, त्याचा माणूस येऊन कमिशन नेतो, तोंड कधी पाहिलं नाही. या धंद्यात एजंट असतातच. एजंटचा नंबर तपासला, तर सिम भलत्याच माणसाच्या नावावर निघालं. तो माणूस कधीच परगावी गेला होता.

ताईंना ठाण्यात बोलावलं. सोबत महिला शिपाई बसवली, चहा मागवला. चौकशीत मी आवाज चढवत नाही. घाबरलेला माणूस खरं बोलण्याआधी भरपूर खोटं बोलतो.

"दुपारी फोन येत नाहीत हे तुम्ही शेठना का नाही सांगितलं?"

"मला वाटलं, लोक पन जेवत असतील," ताई म्हणाल्या. मग कप खाली ठेवला. "साहेब, मी चर्चमधली रविवारची मिस्सा चुकवली असेल, पन बोर्ड नाय चुकवला. त्या शेठच्या लग्नाचे फोन पन मीच जोडलेत. त्याला म्हनावं, काढायचं तर काढ. पन चोर म्हनून नको काढू. मला गावात तोंड दाखवायचंय."

बाईंना नोकरीपेक्षा नावाची चिंता होती. खोटं बोलणारा सहसा उलटं करतो. आधी नोकरी वाचवतो.

सायबर विभागाच्या सांगण्यावरून शेठनी एका कंपनीच्या इंजिनिअर मॅडमना बोलावलं. त्या एव्हरशाईन सिटीत राहायच्या. स्कूटरवर आल्या आणि भिंतीवरची एक्स्चेंजची पेटी उघडली. मी जरा मागेच उभा राहिलो. त्यांनी मला पुढे बोलावलं.

"काका, हे बघा. या पेटीला बाहेरून आत यायचा एक रस्ता असतो. काही बिघडलं तर मेकॅनिकने घरूनच दुरुस्त करावं, म्हणून ठेवलेला. शेजाऱ्याकडे चावी ठेवतो ना आपण, तसं. इथे चावी कुठे आहे माहितीय?"

त्यांनी पेटीचं झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला जाड स्केचपेनने पासवर्ड लिहिलेला. शेजारी स्वस्तिक.

शेठ म्हणाले, "विसरायला नको म्हणून लिहिलाय."

ती पेटी मांडववाल्यांच्या, वायरमनच्या, लाइटवाल्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेत होती. अर्धी वसई ते झाकण वाचून गेली असणार. ज्याने वाचलं तो दुपारी घरबसल्या आत शिरायचा, कार्यालयाचे फोन आपल्या मोबाइलवर फिरवायचा आणि थोड्या वेळाने पूर्ववत करायचा. दुपारच का, तेही मॅडमनी सांगितलं. नोकरदार माणूस मुंबईत जेवणाच्या सुट्टीतच हॉलची चौकशी करतो.

मॅडमनी पिशवीतून एक लहान काळी डबी काढली. ती बाहेरची लाइन आणि एक्स्चेंज यांच्या मध्ये बसते. बोर्डावरच्या माणसाने चावी फिरवून परवानगी दिली नाही, तर बाहेरचा कुणीही आत येऊ शकत नाही, मग पासवर्ड माहीत असो वा नसो. "बसवते आणि बंद करते. दहा मिनिटांत तुमचा त्रास संपला."

"लगेच बसवा," शेठ म्हणाले.

तोवर ताई केबिनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "शेठ, आज दार लावलं तर चोर बाहेर राहील आनि नाव माझ्यावर राहील. तुमचे फोन वाचतील. माझं काय?"

मॅडमनी डबीकडे पाहिलं. "दुसरंही करता येतं. बसवते, पण चावी उघडी ठेवते. कोण कधी आत आलं याची नोंद तेवढी होईल. आत आला की ताईंच्या टेबलावरचा दिवा लागेल."

"म्हणजे माझी गिऱ्हाईकं जातच राहणार," शेठ म्हणाले. पण ते ताईंकडे बघेनात. शेवटी कपाळावर हात ठेवून म्हणाले, "दिवाळीपर्यंत."

डबी बसली. रोज दुपारी दिवा लागायचा, रोज नोंद व्हायची. पण फोन फिरायचे ते त्याच भलत्या नावाच्या सिमवर, आणि येणारा परदेशातल्या कुठल्यातरी सर्व्हरवरून फिरून यायचा. त्याचा पत्ता मिळायला पत्रव्यवहार लागणार होता. दिवाळी तोंडावर आली होती. मला जेवण जाईना.

मग खंडेनवमी आली. ठाण्यात शस्त्रपूजन. रायफली, लाठ्या, बेड्या एका रांगेत मांडल्या. वायरलेस सेटवर झेंडू, जीपला हार, आणि आमच्या मदतनीस हवालदाराने उत्साहात कॉम्प्युटरलाही कुंकू लावलं. तेवढ्यात एकजण मोबाइल हरवल्याची तक्रार घेऊन आला.

हवालदार म्हणाला, "जरा थांबा. कॉम्प्युटर पूजेला बसलाय."

मोठे साहेब आतून ओरडले, "अरे, तो बसलाय, तू तर बसलेला नाहीस ना? हाताने लिहून घे."

सगळे हसले. मीही हसलो. तेवढ्यात मॅडमचा फोन आला. "काका, आज दिवा लागलाच नाही. पहिल्यांदाच. ताई तर कामावर आहेत."

ताई दरवर्षी खंडेनवमी-दसऱ्याला काम करत आणि त्या बदल्यात नाताळाला रजा घेत. बोर्ड चालू, ताई बोर्डावर, मुहूर्ताचे फोनही येत होते, आणि चोर मात्र सुट्टीवर. मी झेंडू लावलेल्या कॉम्प्युटरकडे बघत राहिलो. आपला तक्रारदार जसा थांबला होता, तसंच त्या चोराचं काम थांबलं होतं. ज्याच्यावर तो धंदा करतो, ती वस्तू आज पूजेला बसली होती.

दसऱ्याच्या दिवशी आपट्याची पानं घेतली आणि कार्यालयात येणाऱ्याजाणाऱ्या कारागिरांच्या दुकानांत सोनं वाटत फिरलो. दसऱ्याला पोलीस दारात आला तरी कुणी बिचकत नाही. मांडववाल्याने करवत आणि हातोडी पुजली होती. लाइटवाल्याने पक्कड आणि टेस्टर. आणि ज्याने काही वर्षांपूर्वी ती एक्स्चेंजची पेटी बसवली होती, आणि शेठनी ज्याचं देखभालीचं काम काढून घेतलं होतं, त्या फोनवाल्याच्या दुकानात पाटावर लॅपटॉप होता. झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक, वर फूल, पुढे पेढा.

"वा," मी म्हणालो. "लॅपटॉपची पूजा?"

"लक्ष्मी आहे साहेब ती आमची. कालपासून हात लावला नाही. उद्याच उघडणार."

"अजिबात नाही?"

"शप्पथ. बायकोने विचारलं, जरा लाइट बिल भरा, तर तिलाही नाही म्हटलं."

मी सोनं दिलं, पेढा खाल्ला आणि निघालो. पेढा चांगला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुमारास पुन्हा त्याच्या दुकानात गेलो. पंच आणि एक शिपाई समोरच्या चहाच्या टपरीवर. मॅडम आणि ताई कार्यालयात बोर्डापाशी. ठरलं होतं, की दिवा लागला की मॅडमनी मला मिसकॉल द्यायचा.

"गावाकडे फोन लागत नाही नीट. नवीन मोबाइल बघायचाय," मी म्हणालो. फोनवाल्याने समोर चार डबे मांडले. मग घड्याळ पाहिलं, "दोन मिनिटं हं, साहेब" म्हणाला आणि लॅपटॉप उघडला. झाकणावर कुंकू तसंच होतं. बोटं सराईतपणे फिरली.

माझ्या खिशात मिसकॉल वाजला.

मी मोबाइल काढला आणि मंगल कार्यालयाचा नंबर लावला. फोनवाल्याच्या टेबलाचा ड्रॉवर वाजायला लागला.

तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. ड्रॉवर वाजतोय.

"घ्या ना," मी म्हणालो. "मुहूर्ताचं गिऱ्हाईक असेल."

त्याने फोन घेतला नाही. लॅपटॉपवर झडप घातली, फोन पूर्ववत करायला. दोनदा बटण दाबलं, तिसऱ्यांदा जोरात दाबलं. मग सवयीने म्हणाला, "नेट गेलं वाटतं."

"नेट नाही गेलं," मी म्हणालो. "ताईंनी चावी फिरवली."

पंचांसमक्ष लॅपटॉप आणि मोबाइल जप्त केला. पंचनाम्यात मी मुद्दाम लिहिलं, 'झाकणावर हळदी-कुंकवाचे ताजे डाग.' ठाण्यात आल्यावर त्याने फार वेळ घेतला नाही. शेठनी काम काढून घेतल्याचा राग होता, आणि वर कमिशन.

मी त्याला एवढंच विचारलं, "दोन दिवस खाडा का केलास?"

तो दुखावला गेला. "पूजेला बसवलेल्या वस्तूला हात लावायचा? पाप लागतं, साहेब."

त्या संध्याकाळी मी कार्यालयात गेलो. शेठ ताईंच्या केबिनमध्ये उभे होते. माफी मागणं त्यांना जमत नव्हतं. डबीची चावी हातात फिरवत होते.

"ही तुमच्याकडेच ठेवा," शेवटी म्हणाले. "मलासुद्धा देऊ नका."

ताईंनी चावी घेतली, रोझरीच्या माळेशेजारी खिळ्याला अडकवली आणि हेडफोन चढवला. "आता बाजूला व्हा, शेठ. लाइन वाट बघतेय."

ही केस मला काय शिकवून गेली? गुन्हा केव्हा झाला, कुठे झाला, कसा झाला हे आम्ही आयुष्यभर विचारलं. केव्हा झाला नाही आणि त्या दिवशी कुणाचे हात बांधलेले होते, हे मी त्यानंतरच विचारायला शिकलो. माणूस कायद्याला भीत नसेल, पण कशाला तरी भितोच. ते सापडलं की तो सापडतो. आणखी एक शिकलो. न कळणाऱ्या गोष्टीपासून मागे उभं राहायचं नाही. कुणी "पुढे या, काका" म्हटलं की पुढे जायचं.

मोठ्या साहेबांचा निरोप समारंभ त्याच हॉलमध्ये झाला. पुढे काही वर्षांनी माझी पाळी आली, उपनिरीक्षक म्हणून. माझी चिंता वेगळीच होती. किनवटहून एवढ्या लांब कोण येणार? हॉलच्या पुढच्या रांगेत माझं म्हणावं असं एकही माणूस नसेल, असं वाटायचं. तारीख विचारायला फोन केला.

"बोला, साहेब. तुमची तारीख मी कधीच अडवून ठेवलीय," ताई म्हणाल्या. "गावाकडचे नंबर द्या फक्त."

"कशाला?"

"द्या हो. बोर्डावर कोन बसलंय?"

समारंभाच्या सकाळी कार्यालयाच्या फाटकात धुळीने माखलेली एक जीप उभी होती. आतून माझा थोरला भाऊ उतरला, वहिनी, दोन पुतणे, आणि ज्यांनी आठवीत माझं नाव शाळेतून काढताना डोळे पुसले होते ते गुरुजी, काठी टेकत. भावाने मला बघितलं आणि पहिलं वाक्य म्हणाला, "कोण रे ती बाई? रोज फोन करून विचारायची, निघालात का."

केबिनमध्ये ताई फोनवर होत्या. मला बघून त्यांनी एक बोट वर केलं, जरा थांबा म्हणून. मी थांबलो.