ऑगस्टमधले खडक

लॅबचे प्रमुख शिंदे सर, त्यांनी रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला आणि सही करा म्हणाले. शेवटचं पान वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. ‘प्रकल्पापूर्वी खडकांवर शैवाल नव्हते, आजही नाही. सबब परिणाम शून्य.’

मी वनस्पतिशास्त्रवाली. आमची लॅब समुद्रापासून लांब, चिकलठाण्यात, आणि हे काम कोकण किनाऱ्यावरचं. तिथल्या एका प्लांटमध्ये समुद्राचं पाणी गोडं करतात. गोडं काढून घेतलं की उरतं ते दुप्पट खारट पाणी, त्याला ब्राइन म्हणतात. ते पाइपने परत समुद्रात सोडतात. ते जड असतं, तळाशी बसतं. मासा दुसरीकडे जाईल. खडकाला चिकटलेलं शैवाल कुठे जाणार?

जानेवारीत मी स्वतः ओहोटीला तिथे उतरले होते. पाइपच्या तोंडाशी खडक बोडके. पलीकडच्या वळणावर मात्र हिरवं-तपकिरी शैवाल, त्यात माशांची पिल्लं, कालवं. कालवं काढून विकणाऱ्या सुलभाताई म्हणाल्या, आधी पाइपपाशीही असंच होतं, आता एवढीच जागा उरली. कंपनीला दुसरा पाइप नेमका तिथेच टाकायचा होता, आमच्या रिपोर्टच्या जोरावर.

मी कंपनीने दिलेला ‘आधी’चा सर्व्हे उघडला. तो ऑगस्टमधला. पावसाळ्यात लाटा खडक खरवडून काढतात. शैवाल भरतं ते हिवाळ्यात. हे अज्ञान नव्हतं, सरळ लबाडी होती.

सरांची वैजापूरला कपाशी असते. मी विचारलं, “सर, मे महिन्यात तुमच्या रानात जाऊन इथं कापूस होतच नाही असं लिहून दिलं तर?”

“असं कसं लिहिता? तवा रान मोकळंच राहतं.”

“मग हे काय आहे?”

सरांनी रिपोर्ट मिटून परत माझ्याकडे सरकवला. त्यांना कळलं होतं, याचाच मला जास्त संताप आला.

“मॅडम, तुमचं खरं हाय,” ते म्हणाले. “पण समुद्र काय आपल्या दारात हाय का? क्लायंट लई मोठा हाय. जाऊ द्या.”

मी सही केली नाही. लेखी हरकत जोडली, ती काढून टाकली गेली. सही दुसऱ्या एका तज्ज्ञांनी केली. त्यांनी तो किनारा पाहिलाही नव्हता. मंजुरी आली, पाइप पडला.

पुढच्या हिवाळ्यात सुलभाताईंचा फोन आला. तेही खडक बोडके झाले होते.

“मॅडम, तुम्ही तर सगळं बघून गेलेलात. मग पाइप इथे कसा आला?”

आता कुठलाही रिपोर्ट हातात आला की मी आधी सर्व्हेचा महिना बघते, निष्कर्ष नंतर. मला एवढं शहाणपण आलं. सुलभाताईंनी कालवं विकणं सोडलं.