कुठून भरलं?

साळवे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पाण्याच्या टँकरसमोर उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात काचेची नळी होती. दुष्काळाचं वर्ष होतं. औरंगाबादेत पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत नळाला पाणी येणं ही बातमी असायची. टँकरवाला शफीक पाइप खांद्यावर टाकून आमच्या इमारतीच्या हौदाकडे निघाला होता. मॅडमनी त्याला थांबवून विचारलं, "कुठून भरलं?"

"मॅडम, पानी है, दवाई नै है," शफीक म्हणाला.

"दवाई नै है, वही तो देखना है," मॅडम म्हणाल्या. त्यांनी नळीत टँकरचं पाणी घेतलं, पर्समधून बाटली काढून त्यात थेंब टाकले आणि नळी उन्हात धरली. पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळं होतं. ते झालं नाही. मॅडमनी टँकर परत पाठवला. सगळी इमारत रिकाम्या बादल्या घेऊन बघत राहिली. मी अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत बाल्कनीत होतो. उरलेली दाढी मी फ्रिजमधल्या बाटलीतल्या गार पाण्यानं केली आणि ही बाई कोण, याची चौकशी करायला खाली गेलो.

ही बाई तळमजल्यावर नव्यानं राहायला आली होती. सरकारच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत सगळी नोकरी काढून निवृत्त झालेली. माहेर अजिंठ्याचं. यजमान वारलेले, मुलगा बंगळूरला. रविवारी पांढरी साडी नेसून विहारात जायच्या आणि बाकीचे दिवस कॉलनीवर लक्ष ठेवायच्या. हसताना त्यांना कुणी पाहिलं नाही. हसण्यासारखं काही झालं, की त्या चष्मा काढून पुसत. माझ्या सहवासात त्यांचा चष्मा फार स्वच्छ राहिला.

आमची ओळख वाढली ती कॉम्प्युटरमुळे. मी कॉलेजात वाणिज्य शिकवायचो आणि कॉलनीत पहिला कॉम्प्युटर माझ्याकडे आला होता, एवढ्या पुण्याईवर लोक मला तज्ज्ञ समजत. माझं तत्त्व सोपं होतं: फुकट असेल ते घ्यायचं. घड्याळात मासे पोहणारा प्रोग्रॅम होता, कॉम्प्युटर वेगवान करणारे दोन होते आणि ते आल्यापासून कॉम्प्युटर चालू करून आंघोळ उरकून येता येत असे. व्हायरसपासून संरक्षण म्हणून मी तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे पहारेकरी नेमले होते. त्यांतल्या पहिल्यानं दुसऱ्याला व्हायरस म्हणून पकडलं. तिसरा रोज पडद्यावर येऊन आपली मुदत संपल्याचं सांगायचा.

मॅडमनी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं तेव्हा मी मोठ्या रुबाबात त्यांच्याबरोबर दुकानात गेलो. दुकानदारानं सांगितलं, की लिहायचं, फोटोचं, गाण्यांचं सगळं आत भरून दिलेलं आहे, वेगळं काही पडणार नाही. मॅडमनी विचारलं, "कुठून भरलं?"

दुकानदाराला प्रश्न समजला नाही. मला समजला आणि मान खाली घालावीशी वाटली. त्यानं एक सीडी दाखवली, तिच्यावर काळ्या शाईनं फक्त 'ऑल' लिहिलेलं होतं. म्हणाला, मॅडम, सगळेच हेच टाकून नेतात.

"सगळ्यांनाच कावीळ झालती आमच्या जुन्या कॉलनीत," मॅडम म्हणाल्या. "पाणी एकच होतं ना."

त्यांनी सगळं काढायला लावलं आणि कोरा कॉम्प्युटर घरी आणला. दोन दिवसांनी मला निरोप आला, सर, तुमच्या कॉम्प्युटरचा मला उपयोग आहे, बघायला येते. मी आनंदानं मासे पोहताना दाखवले, पहारेकऱ्यांची भांडणं दाखवली. त्या बारकाईनं बघत होत्या, मधूनच विचारत होत्या, हा कधीपासून आहे, त्याआधी काय टाकलं होतं. चहा झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या तज्ज्ञाकडे आलेल्या नव्हत्या. त्या दूषित नमुना बघायला आल्या होत्या.

फुकटाबद्दल मॅडमचं स्वतःचं शास्त्र होतं आणि ते त्यांनी मला गच्चीवर, टाकीत किती पाणी उरलंय ते वाकून बघत समजावलं. फुकट टँकर निवडणुकीच्या वर्षी येतात. त्यांच्यावर फोटो असतो. पाणी देणारा पाण्यातून नाही, पण दुसरीकडून वसूल करतो. काही प्रोग्रॅम तसे: फुकट म्हणून आत येतात आणि मग पडद्याच्या कोपऱ्यात आपला फोटो लावून बसतात, किंवा तुम्ही काय बघता ते टिपत राहतात. आता दुसरा प्रकार. मुकुंदवाडीला त्यांच्या नात्यातल्या एका म्हाताऱ्याची विहीर होती. तो कोणालाही पाणी भरू द्यायचा. विहिरीला झाकण नव्हतं, ज्याला शंका असेल त्यानं वाकून बघावं.

"तसेही प्रोग्रॅम असतात सर. कसे बनवले ते उघडं ठेवलेलं असतं."

मी विचारलं, तुम्हाला ते वाचता येतं का? नाही, म्हणाल्या. मग काय उपयोग?

"मी विहिरीत उतरले नाय कधी. पण चार माणसं रोज वाकून बघतात, हे मला लांबून दिसतंच ना. ज्या विहिरीत कुणी बघतच नाय, तिथं मी जात नाय."

म्हणजे उघडी विहीर म्हणजे चांगलं पाणी, असं मी सार काढलं. तेही त्यांना मान्य झालं नाही. उघड्या विहिरीत कुत्रंही पडतं, त्या म्हणाल्या, म्हणून थेंब टाकायचेच.

त्यांची पद्धत बघायला मी रिकामा असलो की जायचो. एका कामाला एकच प्रोग्रॅम. तो बनवणाऱ्याच्या स्वतःच्या जागेवरूनच उतरवायचा, वाटेवरच्या दुकानातून नाही. बसवताना येणारं प्रत्येक पान त्या चष्मा नाकावर आणून वाचत. मी आयुष्यभर 'नेक्स्ट' दाबत आलेला माणूस. त्या पानांवर काही लिहिलेलं असतं हे मला तिथं कळलं. एका पानावर कुणीतरी आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली असायची, आमचं आणखी एक सामान घ्या म्हणून. मॅडम ती खूण काढत. "विचारल्याशिवाय ताटात वाढायचं नाय," असं त्या पडद्याला सांगत. वापरात नसलेला प्रोग्रॅम काढून टाकत, कारण साठलेल्या पाण्यात डास होतात. आणि नवा कोणताही आला, की आधी बादली: म्हणजे बिनमहत्त्वाचं काहीतरी करून बघायचं, वाट बघायची, मगच हौदात. टँकरचंही पहिलं पाणी त्या बादलीत घेऊन ठेवत. गाळ लगेच दिसत नाही, त्याला खाली बसायला वेळ द्यावा लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे सगळं कशासाठी, ते मला उशिरा कळलं. मॅडमच्या कपाटात एक कॅसेट होती. त्यांची आई अजिंठ्याला जात्यावर दळताना ओव्या म्हणायची, त्या मॅडमच्या भावानं टेप केल्या होत्या. आई गेली, जातं गेलं, भाऊही गेला. राहिली ती कॅसेट. ती इतकी जुनी झाली होती, की प्रत्येक वेळी वाजवली की आवाज थोडा बारीक व्हायचा. म्हणून मॅडमनी ती वाजवणंच बंद केलं होतं. आईचा आवाज कायमचा कॉम्प्युटरवर घ्यायचा, तेवढ्यासाठी त्यांनी कॉम्प्युटर घेतला होता. कॅसेट एकदाच वाजवायची, एकदाच घ्यायची, चुकायचं नाही. आवाज भरायचा चांगला, फुकट, उघड्या विहिरीतला प्रोग्रॅम त्यांनी आठवडाभर शोधून नक्की केला. टेपरेकॉर्डर मात्र त्यांच्याकडे नव्हता. तो माझा होता, लग्नात आलेला. त्यामुळे त्या दिवशी माझी उपस्थिती टाळता आली नाही.

दुपार होती. तीनला वीज जाणार होती. मॅडमनी प्रोग्रॅमचं पान उघडलं आणि नेमका तेव्हाच बाहेर शफीकचा हॉर्न वाजला. सहा दिवसांनी टँकर आला होता. मॅडम नळी घेऊन उठल्या. जाता जाता म्हणाल्या, एवढं उतरवून ठेवा सर, आणि आधी बादली.

पान बरोबर होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. पण त्या पानावर एक भलंमोठं हिरवं बटण होतं. 'डाउनलोड' म्हणत होतं. खाली बारक्या अक्षरांत त्याच अर्थाचं आणखी एक काहीतरी होतं. इतकं मोठं बटण सोडून बारीक अक्षरांना कोण हात लावतो? त्या पानावर ते हिरवं बटण म्हणजे भलत्याच कुणाची तरी जाहिरात होती, फोटोवाला टँकर. प्रोग्रॅम झटक्यात उतरला. नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. बादलीही केली, तेही सांगतो. "हॅलो, हॅलो, मी सर बोलतोय," असं मी म्हणालो आणि परत ऐकलं. आवाज स्वच्छ होता. घड्याळात अडीच वाजून गेले होते, बाहेर शफीक आणि मॅडमची बाचाबाची संपायची चिन्हं नव्हती, आणि वीज गेली तर आजचा दिवस गेला, असा विचार करून मी कॅसेट लावली.

मॅडम पदर खोचून परत आल्या तेव्हा त्यांना दारातच आईचा आवाज ऐकू आला. त्या तिथंच उभ्या राहिल्या. जात्याची घरघर आणि तिच्यावरून वाहणारा एक खणखणीत आवाज:

*सरलं गं दळण, सुपात राह्यलं दाणं,*
*लेकीची गं पाटी माझं सोनं, माझं नाणं.*

मॅडमनी मला थांबवलं नाही. आई ऐकू येत असताना त्या काही विचारतील असं मला वाटलंही नव्हतं. शेवटची ओवी चालू असताना माझ्या टेपरेकॉर्डरनं कर्रर्र केलं आणि कॅसेटची फीत आतल्या आत गिळली. मी झाकण उघडलं तेव्हा ती चुरगळून, सुटून, बाहेर आली. मी म्हणालो, काळजी नको, सगळं कॉम्प्युटरवर घेतलंय. आणि मी ते लावून दाखवलं.

आई म्हणाली, *सरलं गं दळण, सुपात राह्यलं दाणं.* आई म्हणाली, *लेकीची गं पाटी*, आणि तिच्या पुढच्या शब्दांवर एक बाई इंग्रजीत, अतिशय सभ्य आवाजात म्हणाली, की हे ट्रायल व्हर्जन आहे, कृपया विकत घ्या. मग परत आई. मग अर्ध्या मिनिटानं परत ती बाई. माझी बादली दहा सेकंदांची होती. गाळ अर्ध्या मिनिटानं खाली बसत होता.

मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं. मग त्यांनी विचारलं, "कुठून भरलं?"

मी हिरव्या बटणाकडे बोट दाखवलं. तीन वाजले आणि वीज गेली.

त्यानंतर मॅडम माझ्याशी बोलल्या, पण फक्त टँकरच्या वेळी. शफीकचा पाइप हौदात धरून उभं राहायचं काम माझ्याकडे आलं. मी ते विनातक्रार करत होतो. शफीक मला एकदा हळूच म्हणाला, "सर, आप क्या किये जो मॅडम आपको पाइप पकडवा रई?" मी म्हणालो, पाण्याचीच भानगड होती.

दरम्यान मॅडमनी चुरगळलेली फीत इस्त्रीसारखी हातानं सरळ केली, सेलोटेपनं जोडली, पण ती पुन्हा वाजली नाही. मग त्यांनी तो खरा प्रोग्रॅम, बारीक अक्षरांतून, बनवणाऱ्याच्या जागेवरून उतरवला. त्यात आवाज कापता येतो. आवाजाची रेघ पडद्यावर दिसायची, आणि ती इंग्रजी बाई ज्या ज्या जागी बोलली तिथं एक उंचवटा असायचा. मॅडम रोज दुपारी बसून तो उंचवटा कापायला बघत. महिन्याभरानं त्यांनी मला वर निरोप पाठवून बोलावलं. मी माफीची वाक्यं जुळवून गेलो होतो. त्यांनी ती ऐकून घेतली नाहीत.

"तिला काढलं की आई पण जाती," त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या. "दोघींचा आवाज एकातच भरलाय. राहू द्या." मग म्हणाल्या, "जात्यावर आई कधी एकटी बसली नाय सर. समोर कुणीतरी लागतंच, खुंटा ओढायला. ही बाई बसली म्हणायची."

आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. तो नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसावा लागला.

पुढं पाऊस बरा झाला. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. आमच्या गल्लीतून नवी जलवाहिनी टाकण्यासाठी रस्ता खणला गेला, बुजवला गेला आणि पुन्हा खणला गेला. मुकुंदवाडीची ती विहीर एका इमारतीच्या पार्किंगखाली गेली. माझ्या कॉम्प्युटरवर आता चारच प्रोग्रॅम आहेत आणि मासे नाहीत. मुलं फोनवर नवीन काही घेऊन दाखवायला येतात, तेव्हा माझ्या तोंडून आपोआप तो प्रश्न निघतो. त्यांना तो कळत नाही. मी पाण्यापासून समजावायला लागतो, तोवर ती निघून गेलेली असतात.

मॅडम गेल्या वर्षी गेल्या. पुण्यानुमोदनाला त्यांच्या घरी वंदना झाली आणि मग मुलानं म्हटलं, आईची इच्छा होती, आजीच्या ओव्या ऐकू. त्यानं कॉम्प्युटर चालू केला. मी भिंतीकडच्या बाजूला सरकलो. अजिंठ्याहून आलेली मॅडमची मावशी माझ्याशेजारीच बसली होती. बहिणीचा आवाज आला तशी तिची मान जात्याच्या लयीत हलायला लागली. *लेकीची गं पाटी*, आणि ती सभ्य बाई आपल्या जागी हजर झाली.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मावशीनं मला कोपरानं ढोसलं.

"ही समोर कोण बसलीय?"

"आपल्यातली नाही," मी म्हणालो.

"गाती का नाय?"

"तिला तेवढंच येतं."

मावशीनं थोडा वेळ ऐकलं. अर्ध्या मिनिटानं बाई परत आली. आईचे शब्द तिच्या आवाजाखाली गेले तसं मावशीनं ते वरून, जोरात, म्हणून टाकले. पुढच्या वेळी बरोबर आलेल्या बायकांनीही म्हटले. शेवटची ओवी येईपर्यंत त्या इंग्रजी बाईचं एक अक्षर कुणाला ऐकू आलं नाही.

सगळं थांबल्यावर मावशी पदर सावरत मला म्हणाली, "गात नाय, पण टायमावर येती. इतकं कुठं येतं कुणाला."