लाईट गेली, पण करंट नाही गेला

परवा आमच्या पांडेसऱ्यात, या मिल-कामगारांच्या वस्तीत, पुन्हा खाडीचं पाणी शिरलं. भर दुपारची वेळ... बघता बघता घरात गुडघाभर.

आम्हा खान्देशी लोकांची इथली ठरलेली पद्धत आहे. वीज कंपनीनं गल्लीची लाईट बंद केली की निर्धास्त व्हायचं आणि टीव्ही, मिक्सर, पिठाचा डबा, सगळं उचलून माडीवर न्यायचं. इतकी वर्षं हेच केलं.

पण यंदा जिन्याखालच्या भिंतीवर नवा पाहुणा होता... गच्चीवरच्या सोलरचा इन्व्हर्टर. माझे सासरे, आबा, मिलमधून रिटायर झाल्यावर त्यांनी हौसेनं बसवलेला. दसऱ्याला त्याला झेंडूचा हारसुद्धा घातला होता! खालच्या वायरी भिजायला लागल्या आणि आबा पाना घेऊन निघाले, तो काढून वर न्यायला.

मी जिन्यातच आडवी उभी राहिले.

सोलर बसवणाऱ्यानं समजावलं तेव्हा सगळे चहा-नाश्त्यात दंग होते, ऐकलं मी एकटीनं. लाईट गेली तरी उजेड आहे तोवर पॅनेलकडून येणाऱ्या वायरीत करंट असतोच, अगदी ढगाळ असलं तरी. पाणी आलं तर लांब राहा, आम्हाला बोलवा.

"लाईट तं गयी ना, आते करंट कोठून यी?" आबा ओरडले.

"गच्चीवरून यी, आबा. त्याले हात लावानं नही."

लग्नाला अकरा वर्षं झाली, आबांना कधी उलट बोलले नव्हते. पण म्हटलं, रुसले तर रुसू देत, माणूस वाचला पाहिजे. जागची हलले नाही.

आबा पाना आपटून वर गेले. संध्याकाळपर्यंत माझ्या हातचा चहाही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर सोलरवाला आला, रबरी हातमोजे घालून. गल्लीत अजून लाईट नव्हतीच. त्यानं पॅनेलच्या वायरीला मीटर लावला आणि आकडा सरसर वर चढला. आबांनी पुढे वाकून तो आकडा स्वतः वाचला.

आज सकाळी मी जिन्याखाली गेले, तर भिंतीवर लाल ऑइलपेंटनं आबांचं अक्षर... 'लाईट गेली तरी करंट असतो. पाणी आले की हात लावू नये. सुनेला विचारणे.'

शेवटची ओळ वाचली आणि तिथंच रडू फुटलं हो.

गल्लीत अजून बऱ्याच घरांवर सोलर आहे. आज एकेका दारात जाऊन सांगणार आहे, कोणी हसलं तरी सांगणार. मी चप्पल घालेपर्यंत आबा पुढे निघालेसुद्धा... हातात पेंटचा डबा घेऊन.