चढायच्या जागा

मला सायकल येत होती. उतरताही येत होतं, म्हणजे पडल्यासारखं करून. फक्त चढता येत नव्हतं. वडिलांची सायकल चांगली उंच, मधे आडवा दांडा, आणि माझी उंची आजही विचारू नका. घराच्या ओट्याला सायकल लावायची, ओट्यावरून दांड्यापलीकडे पाय टाकायचा आणि द्यायचं ढकलून. वडील रात्रपाळी करून झोपले की मी चिंचवडातल्या आमच्या ओट्यापासून गिरणीच्या ओट्यापर्यंत जायचे आणि तिथून चढून परत. माझा सगळा प्रवास एवढाच. या भांडवलावर सोलापूरच्या वसतिगृहात दोन वर्षं मी थापा मारल्या होत्या. कारखाने सुटले की शेकडो सायकलींतून आपण कशी वाट काढतो, ते मी जेवताना रंगवून सांगत असे. शिक्षिका व्हायला गेले होते, झाले होते कीर्तनकार.

मग तिथल्या दोन मैत्रिणी खरंच आमच्याकडे राहायला आल्या. एक उंच, तिचं लग्न ठरलेलं. महिन्याभरात ती आसामात जाणार होती. दुसरी चष्मेवाली, जिभेनं तिखट.

"तीन दिवस सायकलवर हिंडायचं," उंच मैत्रीण म्हणाली. "चाकण, खेड, आळंदीवरून परत. नंतर मी कुठे आणि तुम्ही कुठे."

वडील डबा घेऊन कामावर निघाले होते. ते दारातच थांबले. "पोरी पोरी?"

"काका, ही आहे ना! ही तर सराईत."

वडिलांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी ओढणीशी चाळा करत होते. "हिच्या भरवशावर सोडतोय," ते म्हणाले. "मी तीन दिवस बसनं जाईन. पण एकीला जरी जड जाणार असेल, तर तिघीही घरी बसा."

तेव्हाच तोंड उघडायचं. पण मी शहाणी गप्प! भाड्याच्या दुकानात लेडीज सायकली दोनच होत्या. चष्मेवाली म्हणाली, "तुला काय, तू जेन्ट्सच चालवतेस."

दुसऱ्या दिवशी चाकणच्या मावशीला मुक्कामाचा निरोप द्यायचं निमित्त काढून मी एसटीत बसले, खिडकीशी, मांडीवर वही. जिथे जिथे चढता येईल ते टिपत गेले. भोसरीत पार. पुढे मैलाचा दगड. ओढ्यावरच्या मोरीचा कठडा. पुन्हा दगड. मोशी गेली आणि दगड संपले. त्यांच्या जागी नुसते खड्डे. पुढच्या थांब्यावर उतरून मी मागे चालत आले. बांधावर एक म्हातारी गवत कापत होती.

"आजी, इथला मैलाचा दगड कुठं गेला?"

"उपटला न्हाई का! आता किलोमीटर का काय म्हंत्यात, त्याचं लावनार हायेत."

"कधी?"

"त्ये सरकारला इचार. तुला गं कशाला पायजे दगड?"

"चढायला."

"घोड्यावर व्हय?" म्हातारी इतकी हसली की विळा खाली ठेवला. मला मात्र रडू फुटलं. त्या उन्हात, कापलेल्या गवताशेजारी बसून, एका दगडासाठी. म्हातारीला वाटलं, माझं काहीतरी मोठंच गेलंय. तिनं तांब्यातलं पाणी दिलं आणि एकदम आवाज खाली आणून विचारलं, "सासरी जाच हाय का?"

घरी आल्यावर जमिनीवर कागद पसरून बेत आखला. थांबे मी ठरवले. चष्मेवालीनं बोट ठेवलं.

"इथे थांबा, लगेच इथे थांबा, आणि मोशीच्या पुढे एवढ्या लांब एकही नाही?"

"तिथे बघण्यासारखं काही नाही."

"आणि या मोरीवर काय आहे?"

"वारा."

उंच मैत्रीण कागदावर वाकली होती. "किती मनापासून केलंस गं," ती म्हणाली. ते ऐकून मला जेवण गेलं नाही.

निघायच्या सकाळी वडील बाहेर उभे होते. ओट्यावरून मी अशी झोकात चढले की त्यांनी मान डोलावली. भोसरी झाली, मोरी झाली, मोशी मागे पडली, आणि त्या बोडक्या रस्त्यावर चष्मेवालीची साखळी उतरली. दोघी थांबल्या. मी कशी थांबणार? मी त्यांच्याभोवती गोल फिरायला लागले.

"अगं, उतर की!"

"नको, बरं वाटतंय!"

"बैलासारखी काय फिरतेस घाण्याला? साखळी धरायला ये!"

एक ट्रक भोंगा वाजवत गेला. पाचवी फेरी, सहावी फेरी. मांड्या भरून आल्या, डोळ्यांत घाम. साखळी काही बसेना. कितव्यातरी फेरीला ती बसली एकदाची, आणि मी सायकलसकट शेताच्या चारीत गेले.

चिखलातूनच सांगितलं. "मला चढता येत नाही. कागदावर आहेत त्या चढायच्या जागा आहेत. घरी जाऊ या. वडिलांना मी सांगते."

चष्मेवालीनं काळ्या हातांनी चष्मा काढला, पुसला, आणखी काळा केला. "म्हणजे तो वारा..."

"घरी कशाला?" उंच मैत्रीण म्हणाली. तिनं ओढणी कमरेला बांधली. "मला पुन्हा कोण सोडणार आहे? ऊठ. तू कॅरिअर धर गं, मी हिला उचलते."

"मी जड आहे."

"थापांनी झालीस."

बखोटीला धरून तिनं मला दांड्यावरून पलीकडे घातलं, पोत्यासारखं. दोघींनी ढकललं. सायकल सुटली. मागे त्या आपापल्या सायकलींकडे धावल्या असणार. पावलांचा आवाज आला, मग घंटी. उंच मैत्रीण मोठमोठ्यानं हसत होती, की रडत होती. वळून बघायला हवं होतं. तेवढंही मला येत नव्हतं.